बाळ बघायला जाणारी बाई

पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी पुन्हा विद्यार्थिनी झाले, आणि पहिला गृहपाठ काय मिळाला, तर एक बाळ शोधा.

नगरच्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं समुपदेशक होते. मुलं-मुली यायची, रडायची, मी पाण्याचा ग्लास पुढे करायची आणि सल्ला द्यायची. सल्ला देण्यात माझा हातखंडा होता. अभ्यास कसा करायचा, वडिलांशी कसं बोलायचं, त्या मुलाला मेसेज का करायचा नाही, सगळं माझ्याकडे तयार असायचं. पण काही जण माझं सगळं ऐकून, सगळं पाळून, तीच जुनी घालमेल घेऊन पुन्हा दारात उभे राहायचे. आपण वरून टाके घालतोय आणि उसवलंय ते आतल्या बाजूला, असं मला वाटायला लागलं. म्हणून पुण्याच्या एका संस्थेत सायकोडायनॅमिक सायकोथेरपीच्या पुढच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. माणसाच्या आजच्या दुखण्याची मुळं त्याच्या अगदी सुरुवातीच्या, त्याला स्वतःलाही न आठवणाऱ्या नात्यांत असतात, आणि कुणी धीरानं ऐकत बसलं तर ती हळूहळू बोलण्यात उतरतात, असं मानणारी ही पद्धत. शिकायला काही वर्षं लागतात. मुलगी बंगळूरला नोकरीला लागली होती, घर रिकामं होतं. नवरा म्हणाला, "जा. प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून मी सही करीन."

आम्हाला शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, कापलेल्या पांढऱ्या केसांच्या, फार हळू बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "रुग्णाला भेटायच्या आधी बाळाला भेटायचं. ज्या घरात बाळ येणार आहे असं एक घर शोधा. दर आठवड्याला तासभर तिथं जायचं आणि बघायचं. बाळाकडे, आईकडे, आणि आपल्या पोटात काय होतंय तिकडे. सल्ला द्यायचा नाही, कामाला हात लावायचा नाही, बाळाला उचलायचं नाही. घरी येऊन आठवेल तसं लिहायचं आणि इथं वाचायचं."

"मग तिथं आम्ही करायचं काय?" मी विचारलं.

"सांगितलं की. बघायचं."

मला वाटलं, किती सोपं. पण घर मिळेना. माझ्या ओळखीतल्या तीन गरोदर मुली बाळंतपणाला माहेरी निघून गेल्या. चौथीच्या आईनं फोनवरच स्पष्ट सांगितलं, आमच्याकडे परक्या बाईला बाळंतिणीच्या खोलीत घेत नाहीत. शेवटी कॉलेजचे ग्रंथपाल मदतीला आले. त्यांची भाची पारनेर तालुक्यात एका वस्तीवर दिलेली होती. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे पहिलं बाळंतपण सासरीच होणार होतं.

त्यांच्यासोबत मी पहिल्यांदा त्या घरी गेले. फाट्यावर एसटीतून उतरलं की दहा-पंधरा मिनिटांची पायवाट, दोन्हीकडे कांदा. स्लॅबचं घर, पुढे पत्र्याचा गोठा, गोठ्यात जर्शी गायी आणि दारात दुधाचे कॅन भरलेली पिकअप. मुलीचा नवरा गावोगाव फिरून दूध गोळा करायचा. त्या दिवशी तो बाहेर गेलेला होता. घरात होते मुलगी, तिची सासू आणि सासरे. बाळ झाल्यावर सासूची आजी आणि सासऱ्यांचे आजोबा झाले, तेव्हा मीही त्यांना तेच म्हणते.

मी माझं म्हणणं मांडलं. आजींनी ते नीट ऐकून घेतलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"बघून काय करनार?"

"काही करायचं नाही, मावशी. नुसतं बघायचं."

"वजन करनार का?"

"नाही."

"लस?"

"नाही, ती नर्सबाईच देतील."

"मंग फोटू काढून मोबाईलवर टाकनार?"

"मुळीच नाही."

आजींनी ग्रंथपालांकडे असं पाहिलं की ही बाई बरी आहे ना. आजोबा मात्र हसायला लागले. "अगं, बघू दे की. बघायला काय जातंय? गाय व्याली तर सगळी वस्ती बघायला येती."

मुलगी तोवर दाराला टेकून उभी होती. बी.एस्सी. झालेली, पोटाशी ओढणी धरलेली. ती एवढंच म्हणाली, "या ताई. माझ्याकडेही कुणीतरी येत जाईल."

बाळ झालं, मुलगी झाली, आणि बाराव्या दिवसानंतर मी बघायला गेले. माझ्यासाठी खोलीच्या मधोमध लाल प्लॅस्टिकची खुर्ची मांडली होती, जणू मी शाळेच्या स्नेहसंमेलनाची पाहुणी. समोर साडीची झोळी. आणि भिंतीच्या कडेनं शेजारच्या सात-आठ बायका, मी बाळाला कशी बघते ते बघायला आलेल्या. बाळ झोपलं होतं. ते तासभर झोपलंच. मी बघत राहिले. बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मध्येच बाळाचे ओठ हलले, एका बाजूनं हसू आलं आणि गेलं.

"सटवाई हसवती तिला," एक जण म्हणाली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढच्या वर्गात मी अपराध्यासारखी म्हणाले की, सांगण्यासारखं काही नाही, बाळ झोपलेलं होतं. बाई म्हणाल्या, "झोपलं कसं होतं?" आणि त्या एकेक विचारत गेल्या. मूठ मिटलेली की उघडी? आवाज झाला की काय व्हायचं? झोळी कोण हलवत होतं, केव्हा थांबत होतं? आश्चर्य म्हणजे मला सगळं आठवत होतं. कुकरची शिट्टी झाली तेव्हा त्या मुठीतला अंगठा बाहेर आला होता आणि आईचा हात झोळीला लागताच पुन्हा आत गेला होता. हे बोलता बोलता माझाच आवाज बदलला. इतक्या बारकाईनं मी आयुष्यात कुणाकडे पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पुण्याहून परतताना एसटीत समोरच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ डबा उघडत होते आणि मी त्यांच्या बोटांकडे इतकी बघत बसले की त्यांनी मला धपाटा देऊ केला.

मग दर आठवड्याला तो फाटा, ती पायवाट. सगळ्यात अवघड जायची आंघोळ. आजी पाय पसरून पाटावर बसायच्या, नडग्यांवर बाळाला पालथं घालायच्या, तेलानं चोळायच्या आणि कढत पाण्याचे तांबे ओतायच्या. बाळ घर डोक्यावर घ्यायचं. माझे हात शिवशिवायचे. पाणी फार गरम आहे, कानात जाईल, जरा हळू, असे पंधरा सल्ले घशाशी यायचे. मी पदराचं टोक मुठीत घट्ट धरायची. आणि मग कधीतरी लक्षात आलं की आजी चोळताना सारखं काहीतरी पुटपुटतात, आणि शेवटचा तांबा ओतायच्या आधी बाळ रडायचं थांबून त्या आवाजाची वाट बघतं. नाक दाबून, कपाळ चोळून आजी म्हणायच्या, "झाली गं माझी राणी मोठी!" की बाळ एक खोल उसासा टाकायचं. मी सल्ला दिला असता तर हे दिसलंच नसतं.

एकदा मी निघाले आणि फाट्यावर पोचल्यावर कळलं की चष्मा तिथंच राहिला. परत गेले. दार उघडं होतं. आत आजी बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या, मुठीत मीठ-मोहऱ्या, आणि बाळावरून हात ओवाळत म्हणत होत्या, "आल्यागेल्याची, पावन्यारावळ्याची, बाईची मानसाची..." मग त्यांनी मूठ निखाऱ्यावर टाकली. मोहऱ्या तडतडल्या आणि नेमकी तेव्हाच त्यांची नजर दारात उभ्या माझ्यावर पडली.

बाळाच्या आईनं तोंडाला ओढणी लावली.

"दर वेळी काढता?" मी विचारलं.

आजी खोटं बोलल्या नाहीत. "काढती. राग मानू नका ताई. तुमी काय करत न्हाई, धरत न्हाई, बोलत न्हाई. नुसतं टक लावून बघता. एवढं तर तिच्या बापानंबी बघितलं नसंल. मंग लागनारच की."

मला हसू आवरेना. इतकं खरं निदान माझ्या कामाचं कुणी केलं नव्हतं. मी हसतेय म्हणून त्याही हसायला लागल्या आणि मग म्हणाल्या, "बसा. आता आलाच हाय तर तुमचीबी काढती. तुमी येता तवा वस्तीवरच्या साऱ्या बाया तुमच्याकडं बघत्यात."

मी त्या लाल खुर्चीवर बसले. आजींनी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, पायापासून डोक्यापर्यंत. मूठ निखाऱ्यावर पडल्यावर जो धूर उठला त्यात आम्ही सगळ्याच खोकलो, बाळसुद्धा.

हे मी वर्गात वाचलं तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात गंभीर सदस्याला, एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांना, हसून ठसका लागला. बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आणि बघायला गेलेली बाई चष्मा विसरून आली, यावरही बोलू या का जरा?" त्यावर आम्ही अर्धा तास बोललो. मला तिथून निघायचंच नव्हतं, हे कबूल करायला त्यातली पंचवीस मिनिटं गेली.

बाळ चार महिन्यांचं होत आलं तेव्हा घरात काहीतरी बदललं. आई गप्प झाली. दूध पाजायची, कपडे बदलायची, सगळं करायची, पण तिची नजर दाराबाहेर असायची. बाळ तिच्या चेहऱ्याकडे बघायचं, आवाज काढायचं, थांबायचं, मग भिंतीकडे बघायला लागायचं. मला ते बघवेना. घरी येऊन मी नवऱ्याला म्हणाले, हे असलं शिक्षण नको मला. वर्गात मी जवळजवळ भांडलेच. "मी समुपदेशक आहे. मला दिसतंय. आणि मी खुर्चीवर बसून राहू?"

बाईंनी आधी नीट चौकशी केली. ती जेवते का, झोपते का, जिवाचं काही बोलते का, घरच्यांचं लक्ष आहे का. तसं काही वाटलं तर नियम बाजूला ठेवायचा आणि लगेच डॉक्टरांकडे न्यायचं, हे ठणकावून सांगितलं. मग म्हणाल्या, "तसं नसेल, तर पुढच्या आठवड्यात जा आणि तुला जे जड वाटतंय ते घेऊन तिथं बस. तिच्याबरोबर बस. हेही काम आहे."

मी गेले आणि बसले. बाळ सतरंजीवर उताणं पडून पाय झाडत होतं. आई लसूण सोलत होती. दोन गड्डे सोलून झाले. मग तिनं लसणावरची नजर न काढता विचारलं, "ताई, तुम्ही इतक्या लांबून येता. तुम्हाला तिच्यात दिसतं तरी काय?"

ती सल्ला मागत नव्हती, प्रश्न विचारत होती. मी दिसलं ते सांगितलं. "तुझ्या बांगड्या वाजल्या की ती पाय झाडायचं थांबते."

"काहीतरीच."

"मला तरी तसं दिसलं."

तिनं लसूण खाली ठेवला आणि हात हलवला. बांगड्या वाजल्या. बाळाचे पाय हवेत थांबले. डोळे मोठे झाले. आई थबकली. हात खाली घेतला. पाय पुन्हा सुरू. पुन्हा बांगड्या. पुन्हा पाय थांबले, आणि या वेळी बाळानं मान वळवून तिला शोधलं.

"अगं बाई!" ती म्हणाली. मग तिनं एका हातातल्या बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. "तुम्ही वाजवा बरं."

मी नियम विसरून वाजवल्या. बाळाचे पाय सुरूच राहिले. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

मग ती बोलली. बी.एस्सी.ला वर्गात दुसरी होते, बी.एड. करणार होते, सगळे चांगले आहेत हो इथं, कुणी बोलत नाही, पण सकाळी उठलं की गाईचं दूध काढायचं आणि मग हिला दूध पाजायचं, दिवसभर दूधच. "मला वाटायला लागलं होतं, मी आणि ती गोठ्यातली, आमच्यात फरक काय? हिला दुसरं कुणीही पाजलं असतं तरी चाललं असतं, असं वाटायचं." तिनं बाळाला उचललं. "पण हिला माझ्या बांगड्या कळतात."

माझ्या जिभेवर तयार असलेलं काहीच मी बोलले नाही. आजी दाराआडून ऐकत असाव्यात. कारण पुढच्या आठवड्यापासून सकाळची धार आजोबा काढायला लागले.

त्यानंतर तिथं जाणं म्हणजे सण झाला. मी चप्पल काढायच्या आत आई सुरू व्हायची. "ताई, तुम्ही नव्हता तेव्हा काय झालं माहितीये? हिला स्वतःचा पाय सापडला." ती आता दिवसभर बघायची, गोष्टी साठवून ठेवायची. आजींनाही चढाओढ लागली. "माझ्या आवाजाला ती कशी करती ते लिवा." आजोबांचा दावा होता की पिकअपचा हॉर्न बाळ ओळखतं, दुसऱ्या गाडीचा नाही. बाळाचा बाप संकोची माणूस, मी आले की गोठ्याकडे जायचा. तोही एकदा चौकटीत उभा राहून म्हणाला, "मॅडम, ती मला बघून शिंकते." सगळे त्याला हसले. पण मी तिथं असताना त्यानं बाळाला घेतलं आणि बाळ खरंच शिंकलं. वैरणीची कुसळं त्याच्या शर्टावर असायची, हे कारण कुणीच त्याला सांगितलं नाही.

बाळ रांगायला लागल्यावर माझी पंचाईत झाली. आतापर्यंत मी बघणारी होते. आता ते मला बघायला यायचं. एका दुपारी खोली ओलांडून ते सरळ माझ्या खुर्चीशी आलं, माझ्या साडीच्या निऱ्या धरल्या आणि जोर लावायला लागलं. गुडघा वर, पाय घसरला, पुन्हा गुडघा वर. घरातले सगळे गोळा झाले. बाळाला धरायचं नाही, हे त्या घरात आता सगळ्यांना पाठ होतं.

"ताई, हलू नका," आई कुजबुजली.

मी हलले नाही. मी श्वासही घेतला नसेल. निऱ्या सुटत होत्या, पिन ताणली जात होती, आणि माझ्या गुडघ्याला धरून ते बाळ आयुष्यात पहिल्यांदा उभं राहिलं. डगमगत, लाळ गाळत, तोंड वर करून माझ्याकडे बघत. आजोबांनी टाळी वाजवली. त्या आवाजानं ते मटकन खाली बसलं आणि स्वतःच खिदळलं. माझ्या गळ्यातून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की रडण्याचा, ते मी आजही सांगू शकत नाही. वर्गात मी तो वाचून दाखवायचा प्रयत्न केला. जमला नाही. बाई म्हणाल्या, "असू दे. सगळंच लिहिता आलं पाहिजे असं नाही."

बाळाला दुसरं वर्ष लागून काही महिने झाले आणि माझं बघणं संपायची वेळ आली. मी आधीपासून सांगत होते, तरी आजींना ते पटत नव्हतं. "शाळा सुटली म्हनून मानूस तुटतं व्हय?" शेवटच्या दिवशी पुरणपोळी झाली, ओटी भरली. बाळ झोपलेलं होतं. मी थोडा वेळ तिची मूठ पाहिली आणि निघाले.

प्रशिक्षण पुढे चालू राहिलं. आता नगरला एका छोट्या खोलीत मी रुग्णांना भेटते आणि महिन्यातून पुण्याला जाऊन बाईंशी त्यावर बोलते. माझ्यासमोर बसून पहिल्यांदा एक माणूस बराच वेळ काहीच बोलला नाही, तेव्हा मी पाण्याचा ग्लास पुढे केला नाही. मला त्या शांततेची भीती वाटली नाही. तो जाताना म्हणाला, "बरं वाटलं," आणि पुढच्या आठवड्यात वेळेवर आला.

या दिवाळीच्या आधी एका रविवारी दारात पिकअप येऊन थांबली. कापडबाजारात खरेदीला आले होते सगळे. आजोबांनी कांद्याची गोणी उतरवली, आजींनी डबा पुढे केला. गाय व्याली होती, खरवस होता. बाळ आता घागरा घालून चालत होतं. दारात उभं राहून तिनं मला नीट निरखलं आणि मग मला वळसा घालून थेट स्वयंपाकघरात गेली.

माझा नवरा आणि बाळाचे बाप-आजोबा बाहेर गाडीजवळ दुधाच्या भावावर बोलत राहिले. आम्ही बायका आत फरशीवरच बसलो. आईनं बी.एड.ला प्रवेश घेतला होता, पारनेरला जाते म्हणाली, आजी सांभाळतात मुलीला. "मी न्हाई सांभाळत, तीच मला सांभाळती," आजी म्हणाल्या. लिहू का तुमच्याविषयी, असं मी तेव्हाच विचारलं. नाव नका घालू म्हणाल्या, बाकी लिवा.

तेवढ्यात मुलीनं खालच्या कप्प्यातली पळी शोधून काढली. ती आजींपुढे धरली. "घे." आजींनी घेतली. लगेच हात पुढे. "दे." मग आईला, "घे." मग माझ्याकडे आली, आणि मी दोन्ही हातांनी पळी घेतली. ती खूश होऊन एकेकीकडे जात राहिली आणि आम्ही तिघी पळी घेत राहिलो, देत राहिलो. बाहेरून हॉर्न वाजला तरी कुणी उठलं नाही.